कॉफीच्या डब्याचा पत्रा

दुबोका पोल्याना,
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय तिहोमिरमामा,

आम्ही बऱ्या आहोत, तूही बरा असशील. पत्राची सुरुवात अशीच करायची, नाहीतर वाचणारा पहिल्या ओळीलाच घाबरतो, असं आई म्हणते. तिच्यासाठी लिहून टाकलं. आता खरं सांगते. तुझी बहीण बरी नाही, ते तुला ठाऊकच आहे. आणि तू दिलेली गाडीही बरी नाही.

तशी सहा महिने गुणाने चालली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दूध केंद्रातली माझी पाळी संपली की मी आईला गाडीत घालते, बासष्ट किलोमीटर शहरातल्या इस्पितळात नेते, यंत्रावर तिचं रक्त धुऊन होईतो बाकावर बसते आणि परत आणते. ही गाडी नसती तर आई मागच्या उन्हाळ्यातच गेली असती. हे मी डॉक्टरांचंच वाक्य सांगते आहे, मला नाटकं करायची सवय नाही.

आता मात्र गाडी तापली की रेल्वे फाटकापाशी उचक्या देते. दोनदा बंदच पडली. आपल्या बोगोल्यूब मेकॅनिकला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, सिगारेट पेटवली आणि म्हणाला, "हा बघ चोर! हा व्हॉल्व्ह गाडीचा धूर परत गाडीलाच पाजतो. स्वतःचा धूर कोण पितं सांग? जर्मनांना दुसरा उद्योग नाही. मध्ये पत्रा ठोकतो, तोंड कायमचं बंद करतो. अर्ध्या गावाच्या गाड्यांना ठोकलाय." मी म्हटलं, मामाला विचारते. तो म्हणाला, "विचार. तो बत्तीस कलमी पत्र लिहील."

आणि माझ्या बाजूची काच शेवटची दोन बोटं वर जातच नाही. बोगोल्यूब आज करतो, उद्या करतो म्हणतो. आईने त्या फटीवरून माझा जीव खाल्लाय. उन्हाळ्यात दुसरी काच उघडू देत नव्हती, आता तर विचारूच नकोस. "आरपार वारा लागला की माणूस वाकडा होतो" हे मी इस्पितळापर्यंत नऊ वेळा ऐकते.

सावकाश कळव. तुझं पाकीट आई आधी फोडते आणि मला मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हा शिव्या बेताच्या घाल.

तुझी भाची,
ग्रोज्दाना


ग्राझ,
२४ नोव्हेंबर १९९७

ग्रोज्दे,

बोगोल्यूबला सांग, बत्तीस नाही, चारच कलमं आहेत. आणि पत्रा ठोकायचा नाही. हे आधी लिहितो, कारण शेवटपर्यंत तू वाचशील याचा भरवसा नाही.

मी रोज आठ तास लोकांच्या गाड्यांचा धूर मोजतो. त्या व्हॉल्व्हमध्ये चोरी काही नाही. गाडी पळत असताना तो थोडा धूर इंजिनात परत सोडतो, म्हणजे आतली आग फार भडकत नाही. गाडी उभी असताना तो मिटलेला हवा. तुझा काजळीने अडकून किलकिला राहत असेल, म्हणून फाटकापाशी उचक्या लागतात. खोलून धुवायचा, एवढंच काम आहे.

त्याआधी तपास कर. बसवाल्या चिराबरोबर एक छोटा हातपंप पाठवतोय. इंजिन गरम कर, आयडलिंगला ठेव, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची बारीक रबरी नळी काढ, तिथे पंपाची नळी लाव आणि दाबत राहा. पंप हवा ओढेल, व्हॉल्व्ह उघडेल, धूर आत जाईल. इंजिन गुदमरायला हवं. थरथरेल, कदाचित बंद पडेल. घाबरू नकोस, ते निरोगी असल्याची तीच खूण. सोडलं की पुन्हा नीट चालेल. गुदमरलंच नाही, तर मात्र काहीतरी चुकतंय.

पत्रा का नको ते पेर्सा, तूही ऐक, मोठ्याने वाचतेच आहेस तर. पातळ पत्रा तापून वाकतो, कडा जळतात, आणि मग धूर त्याच्या मनाला येईल त्या वाटेने निघतो. आपल्याकडे सगळं पत्र्याने, तारेने आणि शिव्यांनी दुरुस्त होतं, म्हणून सांगितलं.

कॉफीचा डबाही पाठवलाय, दरवर्षीचाच, लाल छपराच्या घराचं चित्र असलेला. सगळी पाहुण्यांना पाजू नका.

तिहोमिर


दुबोका पोल्याना,
२२ डिसेंबर १९९७

प्रिय मामा,

आम्ही बऱ्या आहोत, तूही बरा असशील. संत निकोलाचा सण पार पडला, पाहुणे कॉफी पिऊन गेले, डबा अर्धा झाला.

तुझा हातपंप म्हणजे खेळणंच आहे. बोगोल्यूबच्या अंगणात तपास केला. इंजिन गरम केलं, नळी लावली, मी दाबत गेले, पंपावरचा काटा चढला. इंजिनाने पापणीसुद्धा हलवली नाही! आता तू लिहिलंयस की गुदमरायला हवं. बोगोल्यूब म्हणतो, "ऑस्ट्रियात गुदमरली की पास, आमच्याकडे न गुदमरली की पास. मामाला सांग, आमची गाडी आमच्यासारखी, गळा दाबला तरी हूं की चूं नाही." मी इतकी हसले की पंप हातातून पडला. खरंच गाडी आता लोण्यासारखी चालते. फाटकापाशी एक उचकी नाही. व्हॉल्व्ह धुतला, दुसरं काही केलं नाही.

आई पुष्कळ बरी दिसते. तुला पाहून आनंद झाला असता. वर्षभर चेहरा पांढऱ्या भिंतीसारखा होता, आता इस्पितळातून घरी येते तेव्हा गालांवर चांगली लाली असते. शेजारीण म्हणाली, "पेर्सिदा, तू तर नवरीसारखी दिसतेस." वाटेत मस्त झोपते. परवा उठवलं तर मला राडा या नावाने हाक मारली. तुमची जी बहीण लहानपणी गेली ती. मग स्वतःच हसत सुटली. डोकं मात्र दुखतं तिचं, माझंही. सध्या कोशावा वारा वाहतोय ना, अख्ख्या गावाचं डोकं धरलंय.

माझ्या काचेच्या फटीत आईने तिचा लोकरी मोजा कोंबलाय. वळणावर तो पडतो, ती पुन्हा कोंबते. आमची करमणूक अशी.

ग्रोज्दाना


ग्राझ,
६ जानेवारी १९९८, आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळची पूर्वसंध्या

ग्रोज्दे, पेर्सा,

सणाच्या शुभेच्छा. मी इथे एकटा बीन्स खात बसलोय आणि तुमच्या गाडीचा विचार करतोय, म्हणजे माझं काय होऊन बसलंय ते बघा.

बोगोल्यूबचा विनोद चांगला आहे, पण इंजिनाला विनोद कळत नाही. पंपाचा काटा चढला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला. व्हॉल्व्ह उघडला आणि इंजिन गुदमरलं नाही, म्हणजे धूर आत पोहोचलाच नाही. एकतर वाट काजळीने पूर्ण बुजली आहे, किंवा कोणीतरी मध्ये पत्रा घातलाय. ग्रोज्दे, घातलाय का? मी रागावणार नाही. हो किंवा नाही एवढंच लिही.

आणखी दोन-तीन गोष्टी सहज विचारतो. डोकं रोज दुखतं का, की काही ठरावीक दिवशी? गाडीत वास येतो का? हीटर किती लावता?

तिहोमिर


दुबोका पोल्याना,
१९ जानेवारी १९९८

प्रिय मामा,

आम्ही बऱ्या आहोत. तू मेकॅनिकचा डॉक्टर कधी झालास? आई म्हणते, "मोठा झाला तरी चौकशा करायची खोड गेली नाही."

नाही, पत्रा घातला नाही. झालं समाधान?

डोकं मंगळवारी आणि शुक्रवारी दुखतं. रविवारी ठणठणीत. आईचं यंत्रामुळे, माझं गाडी चालवून. वास म्हणशील तर बोगोल्यूबच्या ग्रीसचा, आणि कधीमधी तापलेल्या लोखंडासारखा किंचित. हीटर पूर्ण लावतो, न लावून कसं चालेल? इथे कमरेएवढं बर्फ आहे, टेलिफोनच्या तारा दहा दिवस लोळतायत. आई पुढे बसते, पायांशी जिथून गरम हवा येते त्यावरून घोंगडी घेते आणि गळ्यापर्यंत ओढते. आत तिचा तंबूच होतो. म्हणते, अख्ख्या जगात एवढी ऊब कुठे नाही.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. पाकीट मीच चिकटवते आहे, म्हणून लिहिते. गेल्या शुक्रवारी परतताना आपल्या गावाचं वळण मागे पडलं आणि मी थेट गिरणीपाशी पोहोचले. मधले सहा किलोमीटर मला आठवतच नाहीत. झोपले नव्हते, डोळे उघडे होते. पहाटे चारला दूध केंद्रात उभी राहते, त्याचाच थकवा असणार. पण मामा, मला भीती वाटली. तू काहीतरी थट्टेचं लिही म्हणजे जाईल.

ग्रोज्दाना


ग्राझ,
१ फेब्रुवारी १९९८, चिराच्या हाती

ग्रोज्दे,

घाईत लिहितोय, बस सुटतेय. फोन लागत नाही. मी सात तारखेला, शनिवारी येतोय. पासपोर्ट शिक्क्यासाठी कचेरीत अडकलाय, नाहीतर आजच याच बसमध्ये बसलो असतो.

तोवर एवढंच कर. गाडीच्या दोन्ही काचा पूर्ण खाली ठेवायच्या. दोन्ही, जाताना-येताना, कितीही थंडी असो. हीटरचा पंखा लावायचा नाही. पेर्साला दोन कोट घाल, तीन घाल. काचा मिटून हीटर लावला की समोरची काच आतून धुकटते आणि बर्फात ते धोक्याचं, म्हणून सांगतोय. आणि हीटर बॅटरीही खातो.

विसरू नकोस. मी आलो की गाडी बघतो.

तिहोमिर


दुबोका पोल्याना,
२१ फेब्रुवारी १९९८

मामा,

आम्ही बऱ्या आहोत असं लिहायला आता "आम्ही" उरलेलो नाही.

तू आलास, मातीची मूठ टाकलीस, दोन दिवस राहिलास आणि गेलास. माझ्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाहीस. कबरीपेक्षा गाडीजवळ जास्त वेळ उभा होतास. सगळ्यांनी पाहिलं. बॉनेट उघडून आत डोकं घातलंस, ते आईच्या प्रेतापुढे मेणबत्त्या जळत असताना! मी कोणापाशी काही बोलले नाही, पण लाजेने मेले.

आता बोगोल्यूब म्हणतो, तू इंजिनातली एक नळी काढून नेलीस आणि गाडी चालू होणार नाही असं करून ठेवलंस. का? दिलेली वस्तू परत घ्यायची होती तर तोंडाने सांगायचं होतंस.

एकोणीस जानेवारीला मी तुला लिहिलं की मला भीती वाटते. तू उत्तर दिलं नाहीस. चेष्टेची एक ओळसुद्धा नाही. मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. मग शुक्रवार आला, सहा तारीख.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बर्फ पडत होतं. आई घोंगडीत शिरली, माझ्या फटीत मोजा कोंबला आणि म्हणाली, "उद्या तिहोमिर येतोय, कोबीची पानं काढून ठेव, सारमा करू." तू येणार हे तिला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. वाटलं चिराने सांगितलं असेल. पहिल्याच वळणावर मोजा पडला. तिने उचलला नाही. वाटलं, झोपली. इस्पितळाच्या दारात नर्स खाली वाकून म्हणाली, "काय छान रंग आलाय आज आजींना!" आणि मग तिने आईचा हात धरला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. मीही तेच म्हणते. पण तू का बोलला नाहीस?

ग्रोज्दाना


ग्राझ,
५ मार्च १९९८

ग्रोज्दे,

हे पत्र चिरा तुझ्याच हातात देईल. दुसऱ्या कोणाच्या हातात नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलंय. बसून वाच.

मी उत्तर दिलं होतं. एक फेब्रुवारीला, चिराबरोबरच. त्याला विचारलं, तर म्हणाला, सोमवारी अकराच्या सुमारास तुमच्या दारात पोहोचवलं, तू कामावर होतीस, पेर्साने घेतलं. मला वाटलं, तू वाचलंस आणि ऐकलं नाहीस. म्हणून तुझ्याकडे पाहवलं नाही. तुला वाटलं, मी लिहिलंच नाही. दोन दिवस आपण एका छताखाली होतो आणि दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

आता जे लपवलं ते सांगतो. व्हॉल्व्ह आणि गरम नळीच्या मध्ये मला पत्रा सापडला. वाकून, कडेला जळून अर्धा उरलेला. नळी तिथून उघडी पडली होती. सगळा धूर बॉनेटखाली साचत होता आणि हीटरची हवा तिथूनच, काचेखालच्या जाळीतून ओढली जाते. त्या धुरात जो वायू असतो त्याला वास नसतो. तो लागला की डोकं दुखतं, झोप येते, माणूस भलत्याला भलत्या नावाने हाक मारतो, आणि गाल लाल होतात. तू गालांबद्दल लिहिलंस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मंगळवार-शुक्रवार वाचल्यावर मला कळलं.

मला कळलं, आणि मी तुला लिहिलं की काच धुकटते. हीटर बॅटरी खातो. ग्रोज्दे, मला माहीत होतं की पाकीट पेर्सा फोडणार. गाडीत विष आहे असं तिने वाचलं असतं तर तिने पुन्हा त्या गाडीत पाय ठेवला नसता. बसने जायची तिच्यात ताकद नव्हती, आणि यंत्र चुकलं की ती आठवडाभरात गेली असती. मी हिशेब केला, काचा उघड्या ठेवून दोनच फेऱ्या, मग मी येतोच आहे. म्हणून कारण खोटं लिहिलं. मोजायच्या यंत्रापुढे वीस वर्षं उभा राहिलेला माणूस मी, आणि बहिणीच्या जिवाचं माप असं अंदाजाने घेतलं.

तू जिवंत आहेस ती बोगोल्यूबने कधीच दुरुस्त न केलेल्या त्या दोन बोटांच्या फटीमुळे.

पत्रा माझ्याकडे आहे. जळला असला तरी एका कोपऱ्यात लाल छपराचा तुकडा दिसतो. डबा कोणाच्या घरातला ते मला विचारावं लागलं नाही. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. आपल्याकडे सगळेच असं करतात, आणि मी विचारल्यावर तू नाही म्हणालीस, कारण मी पहिल्याच पत्रात तुला दम भरला होता.

सोबत नवी नळी, सांध्यात बसवायचं जाड गॅस्केट आणि काढून नेलेली वायर पाठवतोय. बसव किंवा गाडी दरीत ढकल, तुझी मर्जी. पण बसवलीस तर तपास केल्याशिवाय चालवू नकोस.

तुझा मामा


दुबोका पोल्याना,
१५ मार्च १९९८

मामा,

काल आईचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. त्याआधी मी देवाच्या तसबिरीवरची धूळ पुसायला तसबीर खाली उतरवली. मागे तुझं पत्र होतं. फोडलेलं, नीट घडी घातलेलं.

मागच्या बाजूला आईने पेन्सिलीने लिहिलंय. तुला पाठवायचं असेल, राहून गेलं. जसंच्या तसं उतरवते. "तिहोमिर, पोरीला असलं काही लिहीत जाऊ नकोस. ती तुझं सगळं ऐकते. सहा वर्षांची असताना वारा लागून दोन महिने अंथरुणात होती, ते तू पाहिलं नाहीस, तू तिकडे होतास. काच धुकटली तर मी फडक्याने पुसेन. माझं काय, मी आज आहे उद्या नाही. तू आलास की भांडू."

ती माझ्यासाठी काचा मिटत होती. मला वाटायचं, स्वतःसाठी.

पत्रा मीच दिला. सणाच्या आधीच. बोगोल्यूबने पातळ काहीतरी माग म्हटलं, मी मागच्या वर्षीचा डबा कात्रीने कापून नेला. तुझा पंप येऊन पोहोचला तेव्हा पत्रा आत बसलेला होता. तपास केला तेव्हा मला ठाऊक होतं की इंजिन का गुदमरत नाहीये. तरी मी हसले आणि तुला विनोद करून लिहिलं. मला वाटलं, खोटं लहान आहे. बोगोल्यूबला सगळं सांगितलं. तो अंगणात उकिडवा बसला. मग उठला आणि गावात ज्या ज्या गाडीला पत्रा ठोकलाय तिथे पाना घेऊन गेला. अजून चार राहिल्यात.

आज सकाळी त्याने तुझी नळी बसवली आणि मला म्हणाला, "तपास तूच कर." इंजिन गरम केलं. दोन्ही काचा खाली होत्या. वारा आरपार जात होता. मी पंप लावला आणि दाबला. तिसऱ्या दाबाला इंजिन थरथरलं, गुदमरलं आणि बंद पडलं. तू नोव्हेंबरात लिहिलं होतंस अगदी तसं. ते आईनेच मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, चष्मा नाकावर ओढून, "ते निरोगी असल्याची तीच खूण." आम्ही दोघींनी ऐकलं होतं.

आपल्या घरात आता खरंच लिहायचं, असं मी ठरवलंय. तेव्हा बरी आहे असं लिहीत नाही. मंगळवार आला की अजून घोंगडी गाडीत नेऊन ठेवते, मग आठवतं आणि परत आणते. आणि डोकं आता कधीच दुखत नाही, शुक्रवारीसुद्धा नाही.

ग्रोज्दाना